गाजरगवत मारायचं, पण साईडपट्टीवरचं गवत राखायचं: कोणतं तणनाशक, किती आणि कधी

प्रश्न असा आहे: जालना जिल्ह्यातल्या एका गावाचा दोन किलोमीटरचा जोडरस्ता. दोन्ही साईडपट्ट्यांवर गाजरगवत माजलंय, पण त्याच्या खाली मारवेल आणि हरळी अजून तग धरून आहे. एका अंगाला कपाशी, पुढे दोन द्राक्षबागा. गावाने वर्गणी काढून फवारणी करायचं ठरवलंय आणि दुकानदार ग्लायफोसेट घ्या म्हणतोय. घ्यावं का? नसेल तर काय घ्यावं, पंपाला किती टाकावं आणि कधी मारावं?

ग्लायफोसेट घेऊ नका. ते गाजरगवताबरोबर गवतही मुळासकट मारतं. साईडपट्टी पंधरा दिवसांत पिवळी पडते, फोटोत काम छान दिसतं, आणि पुढच्या पावसाला त्या उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी उगवतं ते गाजरगवतच. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बी धरू शकतं. ते हलकं असतं, वाऱ्याने, पाण्याने, गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलाने पसरतं आणि मातीत गाडलं गेलं तर काही वर्षं जिवंत राहतं. म्हणजे बियांचा साठा जमिनीत आहेच. त्याला रोखतं ते दाट गवत. तणनाशकाने फक्त पारडं गवताच्या बाजूला झुकवायचं असतं, बाकीचं काम गवत करतं. शिवाय ग्लायफोसेट कुणी फवारायचं यावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले, परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापर असा तो आदेश आहे. दुकानात मिळतं म्हणून कुणीही मारावं असं ते औषध राहिलेलं नाही.

तुमच्या कामाचं औषध २,४-डी. हे रुंद पानांच्या द्विदल तणांवर चालतं, रुजलेल्या गवताला त्याचा फारसा त्रास होत नाही. जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाची शिफारसही अशीच आहे: सगळंच मारायचं असेल तर ग्लायफोसेट, गवत वाचवायचं असेल तर २,४-डी किंवा मेट्रिब्युझिन.

२,४-डी बाजारात तीन रूपांत मिळतं आणि इथेच निम्मे लोक चुकतात. अमाईन सॉल्ट ५८ टक्के एसएल हे पाण्यात विरघळणारं द्रव असतं. सोडियम सॉल्ट ८० टक्के ही पावडर. तिसरं इथाईल एस्टर ३८ टक्के ईसी, हे तेलकट द्रव. एस्टर पानात लवकर शिरतं, पाऊस आला तरी टिकतं, म्हणून दुकानदार ते पुढे करतो. पण एस्टरची वाफ होते. सकाळी मारलेलं औषध दुपारच्या उन्हात पानावरून आणि जमिनीवरून उडतं आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जातं. फवारताना वारा एकदम बंद असला तरी हे होतं. कपाशी आणि द्राक्ष जवळ असताना एस्टर हातातही धरू नका. अमाईन किंवा सोडियम सॉल्टची वाफ फार कमी होते. त्यांचे उडालेले थेंब मात्र तितकंच नुकसान करतात, त्याबद्दल पुढे.

मेट्सल्फ्युरॉन मिथाईलबद्दलही विचारलं जातं, कारण एकरी आठ ग्रॅमची पुडी स्वस्त पडते आणि गाजरगवतावर ते चांगलं काम करतं. साईडपट्टीसाठी माझा त्याला विरोध आहे. ते जमिनीत टिकतं, आणि आम्लधर्मी मातीपेक्षा आपल्या चुनखडीच्या, सामू आठच्या आसपास असलेल्या काळ्या मातीत त्याचं विघटन हळू होतं. पावसाच्या पाण्याबरोबर ते साईडपट्टीवरून बांधाकडे उतरलं की हरभऱ्यासारख्या कडधान्यांना आणि तेलबियांना अगदी थोडी मात्राही बाधते. मेट्रिब्युझिन मुळांतूनही शोषलं जातं, पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि मात्रा थोडी वाढली तर गवतही भाजतं. विहिरी जवळ असतील तर तेही बाजूला ठेवा. कोणतंही औषध घ्या, डब्यावरच्या लेबलात बिनपिकाच्या जागेचा किंवा गाजरगवताचा उल्लेख आहे ना, तो आधी वाचा. खाली दिलेल्या मात्रेत आणि लेबलात फरक दिसला तर लेबल पाळा.

आता टक्क्यांचा घोळ. शिफारस असते २,४-डी अर्धा टक्का. तो अर्धा टक्का क्रियाशील घटकाचा असतो, बाटलीतल्या औषधाचा नाही. लिटरला पाच ग्रॅम क्रियाशील घटक हवा, तर ५८ टक्क्यांचं अमाईन सॉल्ट साडेआठ मिली लागतं आणि ८० टक्क्यांची पावडर सव्वासहा ग्रॅम. कुणी लिटरला पाच मिली टाकतो, त्याचं द्रावण ०.२९ टक्केच होतं. कुणी पावडरचं प्रमाण द्रवाला लावतो. मग एकाच गावात एकाचं तण मरतं आणि दुसऱ्याचं नुसतं वाकून पुन्हा उभं राहतं.

पूर्ण अर्धा टक्का लागतो तो गुडघ्याएवढ्या, फुलावर न आलेल्या झाडाला. चार ते सहा पानांच्या, जमिनीला चिकटून गोल पसरलेल्या रोपाला लिटरला पाच मिली अमाईन पुरतं. १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ८० मिली, पावडर असेल तर ५८ ते ६० ग्रॅम. गुडघ्याएवढ्या झाडांना पंपाला १३५ मिली. कमरेएवढं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं गाजरगवत मारायला औषध वापरू नका. ते वाकडं होईल, पाने गळतील, पण तोवर धरलेलं बी पिकून पडेल. अशी झाडं उपटायची किंवा कापायची, आणि पंधरा-वीस दिवसांनी बुडातून जी कोवळी फूट येते तिच्यावर फवारायचं. तुमच्या रस्त्यावर आत्ता तेच करावं लागेल.

अजून एक गैरसमज: डबल डोस मारला की डबल लवकर मरतं. २,४-डी पानातून आत शिरून अन्नरसाबरोबर मुळापर्यंत जायला हवं. मात्रा फार कडक झाली तर पान दोन दिवसांत करपतं, वाहतूक तिथेच थांबते आणि बुडातून नवे फुटवे येतात. बरोबर मात्रेत एक-दोन दिवसांत शेंडे पिळवटतात, देठ खाली वाकतात, खोड फुगून चिरतं आणि झाड पूर्ण वाळायला दोन ते चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी हिरवं दिसतंय म्हणून पुन्हा फवारायला निघू नका. फवारल्यावर निदान दहा दिवस कापणीही नको.

औषध किती आणायचं याचा हिशोब रस्त्यासाठी सोपा आहे. एका किलोमीटरला दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर पट्टा धरला तर ४००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर. हेक्टरी ४०० लिटर पाणी धरलं तर किलोमीटरला १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे दहा पंप, आणि रोपावस्थेत अमाईन ८०० मिली. पण हे तुमचा फवारणारा माणूस खरंच हेक्टरी ४०० लिटर टाकतो असं धरून. ते मोजल्याशिवाय कळत नाही. ५० मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्टा आखा, शंभर चौरस मीटर. पंपात साधं पाणी मापाने भरा, ज्या माणसाने, ज्या नोझलने, ज्या चालीने उद्या फवारायचं त्याच पद्धतीने तो पट्टा फवारा आणि किती पाणी गेलं ते पुन्हा मापाने भरून बघा. गेलेले लिटर गुणिले शंभर म्हणजे हेक्टरी लिटर. चार लिटर गेलं तर ४००, बरोबर. सात गेलं तर माणूस हळू चालतोय किंवा नोझलचं भोक झिजलंय, आणि पंपाला ८० मिली टाकूनही हेक्टरी औषध पावणेदोनपट पडणार. दोन माणसं असतील तर दोघांचं वेगळं मोजा. अर्धा तास लागतो, पण पुढचा सगळा हिशोब याच्यावर उभा आहे.

नोझल तणनाशकाचंच हवं, फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. कीटकनाशकाला लावतात ते गोल धुकं करणारं हॉलो कोन नोझल इथे चालत नाही. त्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात. एअर इंडक्शन नोझल मिळालं तर आणखी चांगलं, थेंब जाड पडतात. बॅटरीच्या पंपाचा दाब जेवढा कमी ठेवता येईल तेवढा ठेवा, फवाऱ्याचा पंखा नीट उघडला की पुरे. नोझल तणाच्या शेंड्यावर दीड फुटाच्या आत धरायचं आणि दांडी डावी-उजवीकडे झुलवायची नाही. झुलवली की कुठे दोनदा पडतं आणि कुठे काहीच पडत नाही. नोझलभोवती प्लॅस्टिकचं हूड लावता येतं, कृषी सेवा केंद्रात मिळतं. कपाशीपासून पुढे सांगितलेलं अंतर सोडलं तरी त्या बाजूला हूडशिवाय काम करू नका.

पाणी कसलं वापरता याकडेही बघा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम २,४-डीला पकडून ठेवतं, पावडरीच्या बाबतीत तर पंपात चोथा दिसतो आणि जाळी तुंबते. साठवलेलं पावसाचं किंवा गोडं पाणी मिळालं तर उत्तम. नसेल तर आधी अमोनियम सल्फेट लिटरला १० ग्रॅम, म्हणजे पंपाला १६० ग्रॅम, वेगळ्या बादलीत विरघळवून फडक्याने गाळून टाका. क्रम असा: पंप निम्मा पाण्याने भरा, अमोनियम सल्फेटचं पाणी टाका, मग मोजलेलं २,४-डी, ढवळा, उरलेलं पाणी, आणि शेवटी स्टिकर, म्हणजे थेंब पानावर पसरवून चिकटवणारं द्रव. स्टिकर आयनविरहित (नॉन-आयॉनिक) प्रकारचं घ्या, लिटरला एक ते दोन मिली. गाजरगवताच्या पानावर बारीक लव असते, स्टिकरशिवाय थेंब त्या लवेवरच बसून राहतो आणि वाळतो. कीटकनाशक, विद्राव्य खत असलं काहीही यात मिसळायचं नाही.

वेळ. पहिल्या मोठ्या पावसानंतर गाजरगवत एकदम उगवतं आणि उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलावर येतं. म्हणजे हातात असलेला काळ पावसानंतर साधारण पंधराव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत. मराठवाड्यात हा काळ बहुतेक वर्षी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरी उगवण होते, आणि जिथे पाइपलाइन गळते किंवा कालव्याची ओल आहे तिथे वर्षभर चालू राहते. दिवस निवडताना जमिनीत ओल हवी आणि तण ताजंतवानं हवं. पावसाच्या खंडात सुकलेल्या, मान टाकलेल्या तणावर औषध वाया जातं. रस्त्याकडेला आणखी एक अडचण असते ती धुळीची. कच्च्या साईडपट्टीवर पानावर मातीचा थर बसलेला असतो आणि औषध पानाऐवजी धुळीला लागतं. एक चांगली सर येऊन पानं धुतली गेली की दुसऱ्या दिवशीच्या उघडिपीत फवारा. त्यानंतर निदान सहा तास पाऊस नको.

फवारणी सकाळी दव उतरल्यावर सुरू करा, साधारण आठपासून. वारा हवा, पण मंद, झाडाची पानं हलतील एवढा, आणि कपाशीकडून रस्त्याकडे येणारा. अजिबात वारा नसलेली पहाट किंवा संध्याकाळ चांगली असं वाटतं, ते खरं नाही. तेव्हा जमिनीलगत थंड हवेचा थर साचलेला असतो, बारीक थेंब खाली न बसता त्या थरात तरंगतात आणि बऱ्याच लांब सरकत जातात. शेतातल्या चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर पंप उघडू नका.

कपाशीचं बघू. तणासाठी योग्य आठवडा तोच कपाशीसाठी सगळ्यात वाईट. जुलैत कपाशी लहान, वाढीच्या जोरात असते आणि २,४-डीला कपाशीएवढं नाजूक पीक क्वचितच असेल. काही दिवसांत नवी पानं अरुंद, बोटांसारखी फाटलेली निघतात, भेंडीच्या पानासारखी. शिरा एकमेकींना समांतर, पान कडक, शेंडा वाकलेला. पात्या गळतात. द्राक्षात पान पंख्यासारखं चुण्या पडून छोटं राहतं, कडेला टोकदार दाते येतात. टोमॅटोत देठ पिळवटतात. या लक्षणांना शेतकरी अनेकदा विषाणू समजतो आणि त्यावर आणखी फवारण्या करत बसतो. फरक असा ओळखायचा: विषाणूजन्य रोग शेतभर ठिपक्याठिपक्याने दिसतो, २,४-डीचं नुकसान रस्त्याच्या बाजूला जास्त आणि आत जावं तसं कमी होत जातं, शिवाय शेजारचे टोमॅटो, भेंडी, तूर असे वेगवेगळे द्विदल एकाच आठवड्यात वाकडे होतात. फवारणीआधीची पानं ठीक आणि नंतर फुटलेलीच वाकडी, हीही खूण. हलका मारा असेल तर झाड पुढे सरळ पानं काढतं. भारी असेल तर उतारा नाही.

म्हणून कपाशी आणि द्राक्षाच्या लगतच्या साईडपट्टीवर फवारणीच करू नका. पिकाच्या कडेपासून तीस मीटरच्या आत २,४-डी नको असं ठरवून टाका. रस्ता अरुंद असेल तर याचा अर्थ समोरची पट्टीही सुटते, ते मान्य करा. तिथे हाताने उपटा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वापसा येता येता मुळासकट सहज निघतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, कारण गाजरगवतातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्याने अंगावर पुरळ येतं आणि ज्यांना एकदा ॲलर्जी झाली त्यांना पुढे दरवेळी ती होत राहते. दमा असलेल्या माणसाला या कामाला लावू नका. फुलावर न आलेली झाडं खड्ड्यात टाकून कंपोस्ट करता येतात. फुलं आलेली पोत्यात भरून वेगळी वाळवा.

तुमच्या दोन किलोमीटरांत नेमकी कुठे फवारणी करायची आणि कुठे उपटायचं याचा कच्चा नकाशा आधी काढा. मैलाचे दगड, पूल, वळणं घेऊन वहीत लिहा: इथपासून इथपर्यंत ज्वारी किंवा मका, फवारणी चालेल. इथून कपाशी, उपटणं. इथे मोरी, पाणी वाहतं, फवारणी नाही. पाणी साचलेल्या चारीत आणि ओढ्याला मिळणाऱ्या उतारावर २,४-डी मारलं तर पहिल्या पावसात ते पाण्याबरोबर जातं. वनविभागाने किंवा शाळेने लावलेली कडुनिंब, चिंच, वडाची रोपं असतील तर त्यांच्याभोवती दोन मीटर गोल मोकळा सोडा. मोठ्या झाडाच्या बुंध्याला थोडं लागलं तर चालून जातं, कोवळ्या रोपाचं हिरवं खोडही औषध शोषतं.

आणखी एक गोष्ट फवारणीच्या हिशोबात कुणी धरत नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, माठ, केना या रानभाज्या बायका याच साईडपट्टीवरून खुडून नेतात. २,४-डी या सगळ्यांवर पडतं आणि पहिले दोन दिवस भाजी हिरवीगार दिसत राहते. त्यामुळे आदल्या दिवशी दवंडी द्या, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावरही टाका आणि फवारलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लाल फडकं बांधा. शेळ्या आणि गुरं लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत तिथे चरू देऊ नका, वैरणीसाठी गवतही कापू नका. धोतऱ्यासारखं विषारी झाड एरवी जनावर तोंडात घेत नाही, पण फवारणीने सुकत असताना कधीकधी खातं. म्हणून अशी झाडं फवारणीआधी उपटून टाका.

टाकळा राखण्याला आणखी एक कारण आहे. तरोटा म्हणा किंवा टाकळा, तो पावसाळ्यात इतका दाट उगवतो की त्याखाली गाजरगवत फारसं येत नाही. बिनपिकाच्या जागेत पावसाआधी त्याचं बी फेकायची पद्धत आहेच. सरसकट २,४-डी मारलं तर हा सोबती आधी मरतो. म्हणून टाकळ्याचे ताटवे सोडून गाजरगवताच्या पुंजक्यांवर फवारणं बरं. औषधही निम्मं लागतं.

तसंच मेक्सिकन भुंग्याचं. झायगोग्रामा नावाचा हा पिवळसर, पाठीवर काळ्या रेघा असलेला भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला आणून सोडला आणि आता महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहे. पावसाळ्यात तो गाजरगवताची पानं चाळणीसारखी खातो. जिथे झाडं भुंग्याने निष्पर्ण केली आहेत तिथे औषध शोषायला पानच नाही, फवारणी फुकट जाईल. तो तुकडा सोडून द्या, भुंगे हाताने वेचून दुसऱ्या माजलेल्या पट्ट्यात सोडा.

काही तणं २,४-डीला दाद देत नाहीत. लव्हाळा गवतासारखा दिसतो आणि केना पानावरून रुंद तणांत मोजला जातो, पण दोन्ही एकदल. केना दोन-तीन पानांचा असताना थोडा दबतो, एरवी नाही. दरवर्षी फक्त २,४-डी मारत राहिलात तर चार वर्षांत साईडपट्टीवर गाजरगवत कमी आणि लव्हाळा-केना जास्त असं चित्र दिसू लागेल. घाणेरी आणि रुई यांना पानावरची एक फवारणी पुरत नाही, त्यांना कुदळीने बुडासकट काढा.

फवारणाऱ्या माणसासाठी. अमाईन सॉल्ट डोळ्याला फार वाईट आहे, मूळ औषधाचा थेंब उडाला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. बाटली उघडून मोजतानाच धोका सगळ्यात जास्त, म्हणून गॉगल त्या वेळी हवाच. नायट्राइलचे मोजे, गमबूट, पूर्ण बाह्या, पायजमा बुटाच्या बाहेर. डोळ्यात गेलंच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि डब्याचं लेबल घेऊन दवाखाना गाठा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, पण उघड्या अंगाने, उलट्या वाऱ्यात फवारण्याची सवय तीच आहे.

पंपाबद्दल मी हट्टाने सांगेन: तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल पट्टा रंगवा आणि तो कुणालाही कपाशीच्या फवारणीला देऊ नका. ‘औषध उडालं’ अशी भांडणं होतात त्यातली कितीतरी खरं तर न धुतलेल्या पंपाची असतात. २,४-डी रबरी नळीत आणि वॉशरमध्ये मुरतं आणि पुढच्या फवारणीत हळूहळू बाहेर येतं. वेगळा पंप शक्यच नसेल तर धुण्याची पद्धत अशी. आधी साध्या पाण्याने दोनदा खळबळून ते पाणी त्याच साईडपट्टीवर फवारून टाका, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. मग पंप पाण्याने भरून त्यात लिटरला दहा मिली घरगुती अमोनिया किंवा दहा ग्रॅम धुण्याचा सोडा घाला, थोडं नळीतून नोझलपर्यंत येऊ द्या आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ते सोडून पुन्हा तीनदा साध्या पाण्याने धुवा. नोझल, जाळी आणि वॉशर काढून वेगळे धुवा. शेवटी पंपातलं साधं पाणी टोमॅटोच्या किंवा घेवड्याच्या दोन-चार रोपांवर मारून तीन-चार दिवस बघा. शेंडे सरळ राहिले तरच पंप कपाशीत न्या. रिकामी बाटली तीनदा धुऊन तिला भोक पाडा, घरात तेल-पाण्याला कुणी वापरता कामा नये.

कामाला हात लावण्याआधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते पाहून लेखी परवानगी घ्या. गावरस्ता ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा, पुढचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. लगतच्या शेतकऱ्यांना तारीख, औषधाचं नाव आणि कोणता पट्टा फवारणार ते आधी सांगा. द्राक्षबागायतदार ऐकून कदाचित स्वतःच मजूर देऊन त्याच्या कडेचं गाजरगवत उपटून घेईल.

मोकळ्या पडलेल्या जागा तशाच सोडू नका. जिथे गाजरगवत मरून ताटाएवढा टक्कल पडला तिथे त्याच पावसात मारवेलची ठोंबं लावा, एक ते दीड फूट अंतराने. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे वाण दिले आहेत, नाहीतर माळरानावरची जुनी ठोंबं फोडून चालतात. हरळी लावू नका. ती जमीन छान धरते, पण बांध ओलांडून शेतात शिरते आणि मग शेतकरी त्याच साईडपट्टीवर ग्लायफोसेट मारायला येतो. नवं लावलेलं किंवा बियांपासून उगवलेलं गवत चार-पाच पानांवर येऊन दोन-तीन फुटवे काढेपर्यंत त्यावर २,४-डी पडू देऊ नका, त्या वयात गवतही बिघडतं. पोटरीत आलेल्या गवतावरही नको, ओंब्या वेड्यावाकड्या निघतात आणि बी धरत नाही.

पहिल्या वर्षी जुलैत एक फवारणी, ऑगस्टच्या शेवटी फिरून उरलेल्या पुंजक्यांवर तेवढीच हाताने नेमकी फवारणी किंवा उपटणी. देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह असतो, शाळा आणि ग्रामपंचायत उपटणीला तेव्हा सहज जोडता येते. दुसऱ्या वर्षी सरसकट फवारणीची गरज पडू नये. पडली तर एक तर मात्रा चुकली, नाहीतर गवत कुणीतरी खरडून काढलं. साईडपट्टीची कापणी मारवेलचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकून झडल्यावरच करा, जमिनीपासून चार बोटं वर, आणि कापलेलं गवत तिथे जाळू नका.